सायकलचे टायर कुठल्या रंगाचे घ्यावेत? काळे, तपकिरी कडेचे की पूर्ण रंगीत?

हिरवी_चौकट

टायर बदलायला आलेत आणि या वेळी काळ्याशिवाय दुसरं काही घ्यायचा विचार आहे. सायकल अशी: गडद हिरवी स्टीलची फ्रेम, चंदेरी ॲल्युमिनियमच्या रिम, रिम ब्रेक, काळं सीट, तपकिरी हँडल टेप. सध्या २८-६२२ (टायरची रुंदी आणि रिमचा व्यास, मिमीत) आहेत, मडगार्ड काढले तर ३२ बसतात. वापर रोजचा, डांबरी रस्ता, ऊन-पाऊस दोन्ही.

डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत: मधे काळा आणि कडेला तपकिरी, पूर्ण क्रीम, किंवा पूर्ण लाल. प्रश्न तीन. किती मळतात? काळ्यापेक्षा लवकर खराब होतात का? आणि रंगीत टायरला ओल्या रस्त्यावर पकड नसते म्हणतात, ते खरं का?

स्पोककी

काळे घ्या, विषय संपला. रोजचा वापर, पाऊस आणि रिम ब्रेक हे तिन्ही एकत्र असताना क्रीमचा विचारही नको. बाकी जाणकार येतीलच.

रबरी

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकीच्या दोघांची मुळंही तिथेच आहेत.

रबर मूळचं काळं नसतं. कच्चं नैसर्गिक रबर पांढुरकं-पिवळसर असतं, आणि सुरुवातीच्या काळातले टायर तसेच फिकट होते. त्यात झिंक ऑक्साइड घालत, म्हणून आणखी पांढरे दिसत. १९१० च्या दशकात टायरच्या रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक औद्योगिक काजळी, मिसळायला लागले आणि टायरचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढलं. काजळीचे कण रबराच्या साखळ्यांना धरून ठेवतात, त्यामुळे घासून झीज कमी होते, फाटायला जोर जास्त लागतो. शिवाय काजळी उन्हातले अतिनील किरण स्वतः शोषून घेते. थोडक्यात, काळा रंग ही शोभा नाही, तो मजबुतीचा मसाला आहे.

रंगीत टायर करायचा तर काजळी वगळावी लागते, आणि तिच्या जागी काय घातलं यावर सगळं ठरतं. चांगला पर्याय सिलिका. ती पांढरी असते, रबराशी आपणहून नीट बांधली जात नाही म्हणून सोबत सिलेन नावाचं जोडरसायन लागतं. पण जमलं की ओल्या रस्त्यावर पकड उत्तम आणि लोळण्याला विरोध कमी. मोटारींच्या टायरमध्ये ती १९९० च्या दशकात रुळली. आज सायकलच्या चांगल्या काळ्या टायरमध्येही भरपूर सिलिका असते, काजळी त्याच्या जोडीला.

वाईट पर्याय म्हणजे खडू आणि चिनी माती. स्वस्त रंगीत टायरमध्ये रबर वाचवायला हेच भरतात. असा टायर नवा असताना चकचकीत दिसतो, हाताला टणक लागतो, पाण्यात घसरतो आणि मागचा बघता बघता सपाट होतो. 'रंगीत टायर घसरतात' हा लौकिक या मंडळींनी कमावलेला आहे.

ओळखायचं कसं? निर्माता रबराच्या मिश्रणाबद्दल काही सांगतो का बघा. वर्णनात फक्त रंगांची यादी असेल आणि मिश्रण, पंक्चररोधक पट्टा, वजन यांचा पत्ता नसेल, तर तो टायर रंगासाठीच केलेला आहे.

आता महत्त्वाचं: रस्त्याला टेकतो तो ट्रेड. साइडवॉलच्या, म्हणजे कडेच्या, रंगाचा पकडीशी काही संबंध नाही. ट्रेड काळा ठेवून कड तपकिरी घेतलीत, तर तुमचा तिसरा प्रश्न निकालात निघतो.

आरेवाला

रबरी यांच्याशी सहमत. फक्त 'तपकिरी कड' हा एक प्रकार नाही, तीन आहेत, आणि तिघांचं वागणं वेगळं.

पहिला, जुन्या घडणीचा. कडेला रबर जवळजवळ नाहीच, आतल्या कापडाचे धागे तिरपे विणलेले उघड दिसतात. कापड सुती असेल तर रंग फिकट, नायलॉन असेल तर मधासारखा. हा टायर हलका आणि मऊसूत, खड्ड्यातला हादरा छान गिळतो. पण कडेला दगड घासला की सरळ धागा तुटतो, आणि सुती कापड सतत ओलं राहिलं तर कुजतं. शर्यतीच्या चाकाला ठीक.

दुसरा, कडेला तपकिरी रबराचा जाड थर. धागे दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत. जड, थोडा ताठ, पण मार खाणारा. रोजच्या सायकलीला हाच सगळ्यात निर्धोक.

तिसरा आजकाल सगळीकडे दिसतो तो: नायलॉनचं कापड, त्यावर पातळ रबराचा लेप, आणि लेपातच रंग. बांधणी काळ्या टायरचीच. जवळून पाहिलं तर वीण पुसटशी जाणवते.

हातात घेऊन तपासायचं तर कड अंगठा आणि तर्जनीत धरून वाकवा. वाकवल्यावर धाग्यांच्या मधे फिकट रेघा उघडत असतील तर लेप फार पातळ आहे. जाड थराच्या टायरला घडी पडते, रेघा उघडत नाहीत.

मडगार्ड

यात एक खाच आहे, ती सांगून ठेवतो. एकाच नावाचा टायर काळ्यात आणि तपकिरीत मिळतो, पण तो एकच टायर असेलच असं नाही. बऱ्याचदा काळा घडीचा (रिममध्ये अडकणाऱ्या कडेत तार नसलेला, दुमडता येणारा), पंक्चररोधक पट्ट्यासकट असतो आणि तपकिरी तारेचा, पट्ट्याशिवाय. किंवा काळा ट्यूबलेस चालणारा आणि तपकिरी फक्त ट्यूबचा. नाव बघून मागवलं की फसगत झालीच.

दोन्ही रंगांची माहिती शेजारी ठेवून एवढं जुळवून बघा:

वजन. एकाच मापात ४०-५० ग्रॅमच्या वर फरक असेल तर आत काहीतरी कमी-जास्त आहेच.

टीपीआय, म्हणजे इंचाला किती धागे. ६० आणि १२० हे नेहमीचे आकडे. जास्त धागे म्हणजे बारीक धागे, मऊ कड, पण कापायलाही नाजूक. इथे सावध राहा, काही कंपन्या सगळे थर मिळून आकडा देतात. कॉन्टिनेंटल ३/१८० असं छापते, म्हणजे तीन थरांचे मिळून १८०, एका थराचे ६०.

तारेची कड की घडीची. पंक्चर पट्टा फक्त ट्रेडखाली की कडेपर्यंत. कमाल हवा किती. परावर्तक पट्टी आहे का.

सगळं जुळलं तरच रंग निवडा. नाहीतर तुम्ही रंगाच्या नावाखाली दुसराच टायर घेताय.

हिरवी_चौकट

भारी माहिती. म्हणजे लाल आणि क्रीम दोन्ही बाद?

क्रीमचा मोह सुटत नाहीये खरं तर. ब्रेकची काळी घाण कितपत त्रास देते?

ब्रेकपॅड

लाल बाद करायला हरकत नाही. तो ट्रेडलाच रंग, आठवड्यात मधली पट्टी करडी होते आणि कडा तेवढ्या लाल उरतात.

आता रिम ब्रेकबद्दल. कोरड्यात त्रास कमी. ओल्यात पॅडचं रबर, रिमचं ॲल्युमिनियम आणि पाणी मिळून करडा-काळा लगदा होतो. चाक फिरताना तो बाहेरच्या बाजूला फेकला जातो, आणि रिमच्या बाहेर पहिली गाठ पडते ती साइडवॉलशी. क्रीम टायरवर रिमपासून वर ओघळलेल्या रेघा दिसतात त्या याच. त्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते, ती रबराच्या बारीक छिद्रांत बसली की साबणाने पूर्ण निघत नाही. डिस्क ब्रेकला हा प्रश्न जवळजवळ नाही.

लगदा बंद करता येत नाही, कमी करता येतो:

पॅड काढून तोंड बघा. चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण रुतलेले असतील तर सुईने किंवा टोचणीने उकरून काढा. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर पॅड सपाट धरून वरची चमक घालवा.

रिमची ब्रेकपट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फडकं काळं येईनासं होईपर्यंत.

पॅड बसवताना पॅडची वरची कड रिमच्या वरच्या कडेपेक्षा १ मिमी खाली. पुढचं टोक मागच्यापेक्षा अर्धा ते एक मिमी आधी टेकेल असं. मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाची घडी ठेवून ब्रेक दाबा आणि तसाच बोल्ट आवळा.

रुतणारे कण कमी करायचे तर काळ्याऐवजी कूल-स्टॉपचे सॅल्मन रंगाचे पॅड बघा. त्यांचं मिश्रण ओल्यासाठीच आहे आणि रिमला कमी खातं.

आणि कृपया पॅडची उंची दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पॅड झिजतो तसा, ब्रेकच्या प्रकाराप्रमाणे, तो वर किंवा खाली सरकतो. कॅलिपर ब्रेकचा (टायरच्या वरून दोन्ही बाजूंना उतरणारा) एखादा पॅड झिजताना टायरकडे चढू शकतो. तपकिरी कडेवर तो घासायला लागला तर आधी एक काळी गोल रेघ दिसते, मग धागे, मग ट्यूबचा फुगा. काळ्या टायरवर ही रेघ दिसत नाही. फिकट कडेचा हा एक खरा फायदा म्हणता येईल: दुखणं लवकर कळतं.

तिसरा_गिअर

मी दिसण्यावर बोलतो, कारण मूळ प्रश्न रंगाचा आहे आणि आतापर्यंत सगळे रसायनशास्त्रात बुडालेत.

काळी रिम आणि काळा टायर असला की दोन्ही मिळून एक जाड कडं दिसतं आणि चाक जड वाटतं. चंदेरी रिमवर काळा टायर असेल तर रिम उठून दिसते, टायर नुसती बाह्यरेषा होतो. हीच सर्वात शांत जोडी, कुठल्याही फ्रेमला चालते. चंदेरी रिमवर तपकिरी कड आली की रिम आणि ट्रेड यांच्यात एक मधला रंग येतो, चाक नाजूक दिसतं. गडद हिरवा, मरून, गडद निळा अशा रंगांवर ते उत्तम बसतं. भडक नारिंगी किंवा पोपटी फ्रेमवर तपकिरी कड मळकट वाटते, तिथे काळाच बरा.

टायरची रुंदी विसरू नका. २८ च्या टायरला कड म्हणजे बोटभर पट्टी. ४५-५० च्या टायरला तीच कड दुप्पट रुंद होते आणि अख्खी सायकल तपकिरी दिसायला लागते. वीस इंची चाकांच्या घडीच्या सायकलींना तर आणखी जपून. चाक लहान, म्हणून पट्टीचा भाग प्रमाणाने मोठा.

घ्यायच्या आधी बघायचं असेल तर एक सोपी युक्ती. पार्सलला गुंडाळतात तो तपकिरी कागद घ्या, १२-१५ मिमी रुंद आणि ५-६ सेंमी लांब असे दहाएक तुकडे कापा. लांब एकच पट्टी कापू नका, गोलाईवर ती सुरकुतते. तुकडे एकाला एक लावून सध्याच्या टायरच्या कडेवर कागदी टेपने चिकटवा. पाव चाक भरलं तरी पुरे. मग फोन चाकाच्या आसाच्या उंचीवर धरून चार-पाच मीटरवरून अगदी बाजूने फोटो काढा. एक उन्हात, एक सावलीत. क्रीमसाठी हेच पांढऱ्या कागदाने करा. वरून खाली बघून रंग ठरवू नये, टायर तसा कुणालाच दिसत नाही.

तपकिरी टेप आहे म्हणून तपकिरी टायर हवा, हा हिशोब मात्र फार ताणू नका. टेप हाताच्या घामाने काळपट होतो, टायर उन्हाने विटतो, दोघांच्या वाटा वेगळ्या. पहिल्या दिवशी तंतोतंत जुळलेल्या छटा सहा महिन्यांनी 'जुळवायचा प्रयत्न फसला' अशा दिसतात. टायर टेपपेक्षा स्पष्ट फिकट किंवा स्पष्ट गडद घ्या.

स्पोककी

तिसरा गिअर, मान्य. मळण्याच्या बाबतीत तपकिरी आणि क्रीम यांना एका तागडीत तोलू नका एवढंच. तपकिरी मळला की गडद तपकिरी होतो, क्रीम मळला की घाणेरडा होतो. धुळीचा रंगच मुळी तपकिरीच्या जवळचा.

रबरी

आता दुसरा प्रश्न, टिकण्याचा.

टायरला ऊन आणि ओझोन हे दोन शत्रू. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराच्या साखळ्या तोडतो आणि ताणाला काटकोनात बारीक भेगा पडतात. काळ्या टायरमध्ये यावर उपाय म्हणून ६पीपीडी या जातीची रसायनं घालतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि ओझोनला आधी स्वतः भिडतात. काळा टायर कधीकधी तपकिरी भुकटी लागल्यासारखा दिसतो तो यामुळेच. ती घाण नव्हे.

अडचण अशी की ही रसायनं डाग पाडतात. क्रीम किंवा पांढऱ्या रबरात ती घातली तर टायर महिन्याभरात चहाच्या रंगाचा होईल. म्हणून फिकट मिश्रणात डाग न पाडणारी दुसरी रसायनं आणि मेण वापरतात. मेण उभ्या असलेल्या टायरवर पातळ पडदा धरतं, पण टायर वाकला की तो पडदा तुटतो. त्यामुळे संरक्षण कमी पडतं. काजळी नाही म्हणून उन्हापासूनचं कवचही नाही. म्हणजे फिकट कड लवकर भेगाळते हे खरं. ट्रेड झिजण्याआधी कड संपणं हा रंगीत टायरचा नेहमीचा शेवट.

किती लवकर, हे ठेवण्यावर आहे. सायकल दिवसभर उन्हात उभी राहणार असेल तर फरक ठळक पडतो. सावलीत असेल तर रोज चालवणाऱ्याचा ट्रेड आधी जाईल आणि हा प्रश्न उद्भवणारच नाही.

याचं एक उपप्रकरण: क्रीम टायर काळ्या टायरला चिकटवून ठेवू नका. काळ्यातली रसायनं स्पर्शाने पलीकडे सरकतात आणि जो तपकिरी ठसा उमटतो तो आतपर्यंत गेलेला असतो, धुऊन जात नाही. काळ्या रबराच्या दोरीने किंवा जुन्या ट्यूबने बांधलात तरी तेच.

भेगा दिसल्या की लगेच टायर फेकायला नको. वरवरच्या, केसासारख्या, धागा न दाखवणाऱ्या भेगा चालतात. धागा उघडा पडला, धाग्याची टोकं सुटून केसाळ झाली, किंवा हवा भरल्यावर कुठे फुगवटा आला, तर त्या दिवशीच बदला.

वाऱ्यावर

अवांतर: काळा टायर उन्हात जास्त तापतो आणि हवा वाढून फुटतो, म्हणून फिकट घ्यावा असं ऐकलंय. तथ्य आहे का?

रबरी

नाही. तापमान १० अंशांनी वाढलं तर निरपेक्ष दाब (गेजचा आकडा अधिक बाहेरच्या हवेचा दाब) सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो. गेजवर ८० पीएसआय असेल तर निरपेक्ष साधारण ९५, त्याचे ३ टक्के म्हणजे ३ पीएसआय. काळ्या-फिकटात उभ्या सायकलीला काही अंशांचा फरक पडत असेल, त्यातून एक-दोन पीएसआय. चालत्या चाकाला वारा लागतो, फरक आणखी घटतो. उन्हात टायर फुटतात ते बहुतेक वेळा आधीच कड कापलेली असते, टायर रिममध्ये नीट बसलेला नसतो किंवा हवा कमाल आकड्याच्या वर भरलेली असते म्हणून.

वाऱ्यावर

धन्यवाद. मग ट्यूबलेसचं बोलू. तपकिरी कडेतून सीलंट (छिद्रं बुजवायला आत घालतात तो द्रव) पाझरतं आणि डाग पडतात, यावर काही?

आरेवाला

पाझरतं, विशेषतः पातळ लेपाच्या टायरमध्ये. काळ्यातही पाझरतं, दिसत नाही इतकंच.

सीलंट पुरेसं घाला: ७००×२८ ला ३० ते ४० मिली, ४० च्या टायरला ६० च्या आसपास, २९×२.३ ला १०० ते १२०. कमी घातलं की कडेच्या सगळ्या बारीक छिद्रांपर्यंत पोचत नाही आणि पाझर लांबतो.

हवा भरल्यावर चाक दोन्ही हातांत धरून गोल-गोल झुलवा, म्हणजे कडा आतून ओल्या होतील. मग बादलीच्या तोंडावर आडवं ठेवा, १५-२० मिनिटांनी उलटा. असं दोन-तीन वेळा. बाहेर आलेले थेंब ओले असतानाच ओल्या फडक्याने टिपा. वाळले तर अंगठ्याने चोळून गोळी करून काढा, नखाने खरवडू नका, लेप उठतो.

पहिले एक-दोन दिवस ठिपके येणं नेहमीचं आहे. त्यानंतरही एकाच जागी फेस येत असेल तर तिथे छिद्र नसून काप आहे. मग आतून पॅच लावा किंवा टायर परत करा.

हिरवी_चौकट

क्रीम बाद, तपकिरी कडेवर आलोय. दोन उपप्रश्न. मागचा काळा आणि फक्त पुढचा तपकिरी असं विचित्र दिसेल का? आणि सध्याच्या काळ्या टायरचीच कड रंगवून घेतली तर?

आरेवाला

दुसऱ्याचं उत्तर आधी: रंगवू नका. टायरची कड चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते. रंगाचा थर तेवढं वाकत नाही, पापुद्रे सुटतात. स्प्रे रंगातलं विरघळद्रव्य रबर फुगवतं आणि लेप मऊ पाडतं. शिवाय तुमच्याकडे रिम ब्रेक आहेत. उडालेला रंग ब्रेकपट्टीवर बसला तर ब्रेकच घसरेल. अक्षरं रंगवायच्या ॲक्रिलिक पेनने कंपनीचं नाव पांढरं करणं एवढंच चालतं, तेही दर थोड्या दिवसांनी पुन्हा.

पुढे-मागे वेगळे रंग व्यवहाराला धरून आहेत. मागच्या चाकावर वजन साधारण ६० टक्के आणि पायडलचा सगळा जोर, त्यामुळे मागचा टायर पुढच्यापेक्षा कितीतरी आधी झिजतो. बदलताना मात्र नवा टायर मागे घालू नका. पुढचा मागे घ्या, नवा पुढे लावा. मागचा घसरला तर सावरता येतं, पुढचा घसरला की माणूस खाली.

आणि नेमकं इथे रंग आडवा येतो. जुना तपकिरी मागे, नवा तपकिरी पुढे, आणि दोघांच्या छटा वेगळ्या, कारण जुना विटलेला. शिवाय दोन खेपांच्या मालातही छटा थोडी बदलते. ज्यांना हे खटकतं त्यांनी दोन्ही एकदम, एकाच खेपेचे घ्यावेत. तिसरा घेऊन ठेवायचा तर थंड, अंधाऱ्या जागी, आडवा किंवा रुंद आधारावर. खिळ्याला टांगला तर एकाच जागी ताण येऊन तिथे भेग पडते. ठिणग्या पडणाऱ्या विद्युत मोटरजवळही नको, त्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो.

मडगार्ड

धुण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून.

कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश. रिमपासून ट्रेडकडे घासा, गोल-गोल नको, नाहीतर ट्रेडची काळी घाण कडेवर पसरते. चेनच्या बाजूची कड जास्त मळते, तिथे तेलाचे बारीक ठिपके असतात. ते साबणाने गेले नाहीत तर फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फक्त ठिपका टिपा. मेलामाइन स्पंज चालतो पण तो मुळात अतिशय बारीक पॉलिश पेपरच आहे. दर धुण्याला वापरलात तर लेप झिजून धागे वर येतील.

पेट्रोल, रॉकेल, डिझेल, थिनर यांतलं काहीही नाही. रबर फुगतं. मोटारीच्या टायरला चमक आणणारे सिलिकॉनचे फवारेही नको. ते रिमवर आणि ट्रेडवर उडतात.

निम्मं काम चेनवर होतं. तेल घातल्यावर पाच मिनिटांनी चेन फडक्यात धरून उलटं पायडल फिरवा आणि बाहेरचं सगळं तेल पुसा. तेल साखळीच्या आतल्या पिनांना लागतं, बाहेरच्या पट्ट्यांना नाही. बाहेर राहिलेलं उडून टायरवरच येणार.

तिसरा_गिअर

रात्री चालवणाऱ्यांसाठी एक भर. कडेची परावर्तक पट्टी बऱ्याच काळ्या टायरला असते, तपकिरीला क्वचित. बाजूने येणाऱ्या गाडीला फिरतं वर्तुळ लगेच ओळखू येतं, तेवढं गमावू नका. कडेवर परावर्तक टेप चिकटवून उपयोग नाही, वाकण्याने सुटतो. आऱ्यांवर चढवायच्या परावर्तक नळ्या मिळतात. रिमकडच्या टोकाला सरकवा, म्हणजे वर्तुळ मोठं दिसतं. दिवसा त्या करड्या दिसतात, चंदेरी आऱ्यांत हरवून जातात.

ब्रेकपॅड

घरात सायकल ठेवणाऱ्यांसाठी अवांतर. व्हिनाइलच्या फरशीवर काळा टायर जिथे टेकतो तिथे पिवळट-तपकिरी डाग पडतो. वर रबरींनी सांगितलेलीच रसायनं फरशीत उतरतात. टायर कडेला तपकिरी असला तरी ट्रेड काळाच, त्यामुळे सुटका नाही. खाली पुठ्ठा किंवा लाकडाची पट्टी ठेवा, रबरी मॅट नको. व्हीलचेअरचे टायर करडे असतात ते याच कारणाने, आतल्या फरशीवर काळ्या रेघा उमटू नयेत म्हणून.

हिरवी_चौकट

कागदाच्या तुकड्यांची युक्ती करून पाहिली. तपकिरी छान दिसतोय, पांढरा कागद फारच डोळ्यात येत होता. जाड थराचा, तपकिरी कडेचा, दोन्ही चाकांना ३२ घ्यायचं म्हणतोय. बसवताना काही विशेष काळजी?

ब्रेकपॅड

३२ असेल तर आधी कॅलिपर मोजा. हवा भरलेल्या टायरच्या वर आणि दोन्ही बाजूंना किमान ४ मिमी मोकळं हवं. छापील ३२ चा टायर रुंद रिमवर ३३-३४ भरतो. चाक काढताना ब्रेकची ढील पूर्ण उघडूनही टायर पॅडमधून निघत नसेल तर दर वेळी हवा सोडावी लागेल, ते आधीच ठरवून घ्या. आणि टायर बदलल्यावर पॅडची उंची नव्याने बघा, जाड कडेचा टायर पॅडच्या जास्त जवळ येतो.

आरेवाला

बसवण्याबद्दल.

हात धुऊन घ्या, हे आधी. चेनला हात लावलेला असेल तर पाचही बोटांचे ठसे कडेवर राहतील. लोखंडी लिव्हर नको, तपकिरी लेपाला ओरखडा पडतो, प्लास्टिकचे घ्या.

टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पाळा. कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असं बसवा. शोभेचं तर आहेच, शिवाय पंक्चर झालं की ट्यूबवरचं छिद्र आणि टायरमधला काटा यांची जागा लगेच जुळते.

ट्यूबमध्ये किंचित हवा भरून ती गोल झाली की आत घाला. टायरची रिममध्ये अडकणारी दुसरी कड व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा वीतभर भाग अडला तर साबणाचं पाणी लावा, आणि आधी बसलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. तिथे मिळालेली ढील शेवटी कामाला येते. व्हॉल्व्ह आत दाबून सोडा, म्हणजे ट्यूब कडेखाली चिमटली असेल तर सुटेल.

आधी ३० पीएसआय भरा आणि चाक फिरवून बघा. रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक उमटलेली रेघ असते, ती दोन्ही बाजूंना सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. तपकिरी कडेवर ती स्पष्ट दिसते. एखाद्या ठिकाणी ती रिमखाली बुडालेली असेल तर हवा सोडा, तेवढ्या भागाला साबणाचं पाणी लावून कड बाहेर ओढा आणि पुन्हा भरा. एखाद्या ठिकाणी ती जास्तच वर आली असेल तर भरणं ताबडतोब थांबवा, तिथे ट्यूब कडेखाली अडकलेली असते. रेघ सारखी झाल्यावरच पुढे जा, आणि टायरवर छापलेला कमाल दाब व रिमचा कमाल दाब यांत जो कमी असेल त्याच्या वर भरू नका.

मडगार्ड

आणि पहिल्या ५०-६० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ती रेघ आणि पॅडचं अंतर बघा. साच्यातून येताना ट्रेडवर राहिलेली चकाकी तोवर निघत असते, तेवढे दिवस ओल्या वळणावर सायकल जास्त कलवू नका.